चार खेळाडू पाण्यात

ज्या देशात नदी आहे त्या देशाशी फुटबॉल खेळू नये, असं डेला गम्ब्सचं पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर बनलेलं ठाम मत होतं. नदी म्हणजे गोडं पाणी, गोडं पाणी म्हणजे गवत आणि गवत म्हणजे लहानपणापासून मऊ जमिनीवर पडून, उठून, पुन्हा पडून तयार झालेली मुलं. अँग्विला या कॅरिबियन बेटावर नदी नाही. ओढासुद्धा नाही. खडक आहे, काटेरी झुडपं आहेत आणि ती झुडपं खाणाऱ्या शेळ्या आहेत. या खडकावर वाढलेला मुलगा पडायला घाबरतो, आणि जो पडायला घाबरतो त्याच्या पायातून कोणीही बॉल काढून घेऊ शकतं. बहुतेक सगळ्यांनी तो काढून घेतला होता.

राष्ट्रीय संघाच्या जर्सी डेलाच्या ताब्यात असत. ती त्या शिवायची, धुवायची, रफू करायची आणि सामन्याच्या दिवशी बाकावर एकापासून अकरापर्यंत ओळीने मांडायची. संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तेव्हा आकडे कापायला पांढरं कापड कमी पडलं आणि एका जर्सीवर चुकून दुसऱ्यांदा सात शिवला गेला. रेफरीने कप्तानाला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे दोन सात कसे?"

कप्तान म्हणाला, "साहेब, त्याचा आम्हाला काही फायदा होताना दिसतोय का?"

तेव्हा पाच गोल झाले होते. अर्थातच आपल्यावर.

पुढच्या वर्षांत तो आकडा वाढतच गेला. एका बेटावर बारा गोल खाल्ले. दुसऱ्या एका ठिकाणी यजमानांनी सामन्याआधी भलत्याच देशाचं राष्ट्रगीत लावलं; मुलं छातीवर हात ठेवून शेवटपर्यंत ताठ उभी राहिली आणि परतीच्या विमानात गोलकीपर ओमारी रॉजर्स म्हणाला, "चाल मात्र छान होती, मिस डेला. आपल्यापेक्षा बरी." जगातल्या सगळ्या संघांची क्रमवारी लागते, ती खालून वाचली की अँग्विला पहिला यायचा. परक्या मैदानावर एकदा आपणही गोल केला होता. सगळा बाक उठून नाचला. डेला त्या क्षणी मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. तिने तो पाहिला नाही. पुढे ती त्या गोलाचं वर्णन इतरांपेक्षा बारकाईने करायची.

एक गोष्ट मात्र कधी झाली नव्हती. संघ सामन्याला गेला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. ब्लोइंग पॉइंटहून फेरीबोटीने सेंट मार्टिनला जायचं, तिथून एक विमान, मग दुसरं विमान, मग पंखा नसलेली बस. एकदा सामानच आलं नाही तर मुलं हॉटेलातल्या वाढप्यांचे पांढरे शर्ट मागून खेळली होती, आणि डेलाने त्या शर्टांच्या पाठीवर खडूने आकडे काढले होते. पहिल्या घामात आकडे पुसले गेले. पण अकराच्या अकरा जण मैदानावर होते.

हा वेळेचा कडकपणा तिने इंग्लंडहून आणला होता. अठराव्या वर्षी ती मावशीकडे स्लाऊला गेली आणि पडदे शिवण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं राहिली. तिथे भोंगा वाजायचा. भोंग्यानंतर पाच मिनिटांनी आलेल्या बाईला दारातला मुकादम म्हणायचा, "अरे वा, बेटावरच्या घड्याळाने आलात वाटतं!" ते वाक्य तिने एकदाच ऐकून घेतलं. त्यानंतर ती आयुष्यात कुठेही उशिरा पोचली नाही. लग्नालाही ती वेळेवर पोचली; उशिरा आला तो नवरा.

नवरा म्हणजे कॅप्टन एग्बर्ट वेबस्टर, शर्यतीच्या होडीचा तांडेल. त्याच्या होडीचं नाव 'पेशन्स'. एग्बर्टकडे जे जे नव्हतं त्यांची नावं तो होड्यांना द्यायचा, असं डेला म्हणायची. याआधीच्या होडीचं नाव 'विज्डम' होतं. वीस वर्षांपूर्वी दोघं वेगळी झाली ती एका जाळ्यावरून. मोठ्या वादळात मैदानावरचे गोलपोस्ट उडाले होते. लाकडाचे नवे बसवले, पण त्यांना जाळी नव्हती, आणि चार दिवसांवर सामना. डेलाने नवऱ्याचं नवंकोरं रापणीचं जाळं मधोमध कापलं आणि दोन्ही गोलांना बांधलं. एग्बर्ट समुद्रावरून परत आला, मैदानावर गेला, सामना शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "या जाळ्यात जन्मात इतके मासे आले नसते, जितके आज गोल आले." घरी येऊन त्याने आपले कपडे उचलले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. घटस्फोटही नव्हता, त्यासाठीसुद्धा बोलावं लागलं असतं.

तर अशा डेलाला एप्रिलच्या शेवटी संघटनेच्या कचेरीत एक पत्र दिसलं. पाहुणा संघ तीस मे रोजी दुपारी तीन वाजता राजधानी व्हॅलीच्या मैदानावर खेळणार होता.

"तीस मे?" ती म्हणाली.

"तीस मे," अध्यक्ष लेम्युअल कॉनर म्हणाले. कस्टममधून निवृत्त झालेला शांत गृहस्थ. समोरचा प्रत्येक कागद दोनदा वाचून एकदाच विसरायचा.

"मिस्टर कॉनर, तीस मे म्हणजे अँग्विला डे."

"हो."

"त्या दिवशी बेटाला वळसा घालायची शर्यत असते."

"असतेच."

"आपल्या संघातले बहुतेक सगळे होड्यांवर असतात!"

कॉनरनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक शेळी त्यांच्या गाडीच्या टपावर चढली होती. "त्यांनी अर्ज पाठवला होता," ते सावकाश म्हणाले. "त्यात एक रकाना होता. त्या दिवशी देशात काही विशेष कार्यक्रम आहे का, असा."

"मग?"

"मी 'नाही' लिहिलं."

"का?"

"अगं, शर्यत काय विशेष आहे? ती तर असतेच. उद्या विचारतील, त्या दिवशी सूर्य उगवणार आहे का, तर तेही लिहायचं?"

या उत्तरावर डेलाला रागवता आलं नाही. तिने तो रकाना भरला असता तर तिनेही तेच लिहिलं असतं. बेटावरच्या कोणीही तेच लिहिलं असतं. तारीख बदलायची मुदत मात्र टळून गेली होती.

"आणि खरं सांगू का," कॉनर आवाज खाली आणत म्हणाले, "फार वाईट झालेलं नाही. संघ आलाच नाही तर नियमाने तीन-शून्य अशी हार लिहितात. तीन-शून्य! गेल्या सहा वर्षांतला आपला सगळ्यात चांगला निकाल. घरी बसून."

डेला उठून उभी राहिली. "पंचवीस वर्षं आपण सगळीकडे गेलो. जिथे कोणी बोलावलं नव्हतं तिथेही गेलो. आणि आता ते लोक दोन विमानं बदलून आपल्या घरी येणार, आणि घरात आपणच नाही?"

"घरात नाही कसे? शर्यतीत आहोत."

"ते तुम्ही त्यांना समजावून सांगा," ती म्हणाली. "मी जर्सी मांडणार आहे."

तिने हिशोब केला. सामना सुरू व्हायला निदान सात खेळाडू लागतात. होडीवर नसलेले चौघे होते: ओमारी, कारण त्याला नुसत्या फेरीबोटीतही उलटी व्हायची, एक शाळामास्तर, एक पोलीस, आणि एक जण ज्याचं त्याच्या तांडेलाशी मार्चमध्ये वाजलं होतं. तीन कमी पडत होते. आणि पाच खेळाडू एकट्या 'पेशन्स'वर होते, कारण एग्बर्टला धिप्पाड माणसं लागायची आणि अँग्विलाच्या बचावफळीत धिप्पाडपणाखेरीज दुसरा गुण नव्हता.

वारा अंगावर घेत वर चढताना आमच्या होड्यांना वजन लागतं. वाळूच्या गोण्या असतात, शिसं असतं आणि माणसं असतात. सगळे एका कडेला ओणवे होऊन होडी उलटू देत नाहीत. पण परत येताना वारा पाठीशी आला की तेच वजन नकोसं होतं. मग तांडेल आधी वाळू ओततो आणि नंतर माणसं. उत्तरेच्या किनाऱ्याला होडी लागली की तो नाव घेतो आणि ज्याचं नाव घेतलं तो निमूट पाण्यात उडी मारतो आणि पोहत किनारा गाठतो. कोणाला त्यात अपमान वाटत नाही. आणि त्याच किनाऱ्यावरच्या क्रोकस बेवरून टेकडी चढली की व्हॅली. व्हॅलीत मैदान.

दुसऱ्या दिवशी डेला सँडी ग्राउंड बंदरावर गेली. एग्बर्ट किनाऱ्यावर होडीचं बूड घासत होता. तिची सावली पडली तशी त्याने मान वर न करताच म्हटलं, "जाळं परत द्यायला आलीस?"

वीस वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं. डेलाने ते बाजूला ठेवलं.

"तीसला सामना आहे," ती म्हणाली.

"ऐकलं. कॉनरने सोन्यासारखा दिवस निवडला."

"तुझ्या होडीवर माझे पाच जण आहेत."

"माझ्या होडीवर माझे पाच जण आहेत. तुझ्याकडे आले की त्यांच्यावर गोल होतात."

"एग्बर्ट, क्रोकस बेसमोर तू माणसं टाकतोसच ना?"

"वारा पडलेला असला तर टाकतो. जोराचा असला तर नाही टाकत. वाऱ्याला विचार."

"टाकायची झाली तर माझी टाक. एवढंच."

आता त्याने मान वर केली. "अगं, तुझा तो डेनव्हर माझं पुढचं शीड धरतो. त्याला टाकला तर शीड काय तू धरणार? आणि कशासाठी? आठ-शून्यसाठी?"

"आठ-शून्यसाठीच," डेला म्हणाली.

तो हसला. मग पुन्हा घासायला लागला. ती निघाली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "रेफरी किती वेळ थांबतो?"

"पंधरा मिनिटं."

"होडीला ब्रेक नसतो, एवढं सांग त्याला."

तीस तारखेला सकाळी कवायत झाली, झेंडा चढला, भाषणं झाली, आणि मग सगळं बेट गाड्यांत बसून कड्याकड्यांवरून होड्यांच्या मागे धावायला लागलं. होड्या पश्चिमेचं टोक वळून दक्षिणेच्या बाजूने वर चढत होत्या. वारा सकाळी बरा होता, बाराला मंदावला. दोन वाजता व्हॅलीच्या मैदानावर पाहुणा संघ होता, तीन पंच होते, कॉनर होते आणि त्यांचा रेडिओ होता. प्रेक्षक म्हणून चार शेळ्या. पाहुण्यांचा व्यवस्थापक, उंच, सभ्य माणूस, रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हणाला, "बाई, इथे काही दुःखद घटना घडलीय का?"

"नाही," डेला म्हणाली. "सुट्टी आहे."

तिने बाकावर जर्सी मांडल्या. एक ते अकरा. चार उचलल्या गेल्या. सात तशाच राहिल्या, आणि प्रत्येकीखाली बुटांचा एकेक जोड. ओमारी गोलात उभा राहून हातमोजे घालत-काढत होता.

"मिस डेला, आपण चौघंच खेळलो तर?"

"खेळू देत नाहीत."

"फरक फारसा पडला नसता," तो म्हणाला.

पावणेतीनला रेडिओवर निवेदक ओरडायला लागला. पहिल्या दोन होड्या पूर्वेचं टोक वळून उत्तरेच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. 'पेशन्स' दुसरी, जेमतेम दोन होड्यांचं अंतर. वारा पार पडलेला. कॉनरनी आवाज वाढवला. ते 'पेशन्स'चेच माणूस होते, आणि सामना वाचवायचा की शर्यत जिंकायची, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट सुटलेला दिसत होता.

तीन वाजले. रेफरीने घड्याळ लावलं आणि डेलाला दाखवलं. ती त्या काट्याकडे बघत उभी राहिली. स्लाऊच्या दारातल्या मुकादमाची नजर तिला मानेवर जाणवली. त्या वाक्यानंतर पहिल्यांदाच उशीर होत होता आणि तो तिच्या हातात नव्हता.

तीन वाजून दोन मिनिटं. रेडिओ म्हणाला, "पेशन्स वाळू ओततेय! बघा, बघा, वाळू!"

"आता माणसं," कॉनर पुटपुटले.

"क्रोकस बे समोर आला! कॅप्टन एग्बर्टने एक टाकला! दोन! दोन गेले पाण्यात! होडी वर आली हो, होडी वर आली! तीन! अरे, तीन टाकले! आता बास, कॅप्टन, आता शीड सांभाळायला कोणीतरी ठेव!" आणि मग निवेदक किंचाळला. "चार! हा माणूस वेडा झालाय! डेनव्हर एकटा राहिलाय पुढच्या शिडावर!"

"अति केलं," कॉनर म्हणाले. "एवढी हलकी होडी वळायची नाही."

डेलाने ओळीतल्या चार जर्सी उलगडल्या, बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

आठ मिनिटं. दहा. रस्ता रिकामा. पाहुण्यांचा कप्तान रेफरीजवळ जाऊन हळू आवाजात काही विचारून आला. अकरा. बारा. पोलीसवाला म्हणाला, "मी गाडी घेऊन जाऊ का खाली?" डेला म्हणाली, "तू गेलास तर तीनच उरतील. उभा राहा."

तेराव्या मिनिटाला टेकडीच्या वळणावरून मासळीचा टेम्पो वर आला. मागे चार माणसं उभी होती, उघडी, अनवाणी, अंगावरून पाणी निथळत. एकाच्या खांद्यावर शेवाळ होतं. टेम्पो थांबायच्या आत डेला ओरडली, "चार! पाच! नऊ! अकरा! हात वर करा, हात वर!" आणि ती एकेकाच्या डोक्यातून जर्सी ओढायला लागली. खाऱ्या ओल्या अंगावर कापड चिकटून बसत होतं. खाली खेचलं की वर जात होतं.

"मिस डेला, मीठ झोंबतंय."

"झोंबू दे."

"श्वास तर घेऊ द्या!"

"मैदानात घे. तिथे भरपूर वेळ मिळेल, बॉल काय तुझ्याकडे येणार नाहीये."

रेफरी जवळ आला. त्याने चौघांना आपादमस्तक पाहिलं. त्यांच्या पायाखाली डबकं झालं होतं. "बाई, हे लोक ओले का आहेत?"

"आत्ताच आंघोळ करून आले," डेला म्हणाली. "पाहुणे येणार म्हणून."

चौदा मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. रेफरीने आठ डोकी मोजली, पुन्हा एकदा मोजली, घड्याळ बंद केलं आणि शिट्टी वाजवली.

पहिला गोल चौथ्या मिनिटाला झाला. दुसरा सातव्या. आठ जण अकरा जणांच्या मागे धावत होते आणि त्यातल्या चौघांचे बूट प्रत्येक पावलाला पाण्याचा आवाज करत होते. डेला बाकावर बसली. उरलेल्या तीन जर्सी तिने घडी करून मांडीवर घेतल्या. समोर जे चाललं होतं ते फुटबॉल म्हणून बघवत नव्हतं. पण मैदानावर अँग्विला होता. तो चुकत होता, धापा टाकत होता, ओमारीच्या तोंडून शिव्या देत होता, होता मात्र.

हाफटाइमच्या सुमारास शर्यत संपली आणि सगळं बेट मैदानाकडे वळलं. गाड्या आल्या, स्पीकर आले, बोकडाच्या रश्श्याची पातेली आली. स्कोअर पाच-शून्य आहे असं कळल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं होतं नऊ असेल. अँग्विलाच्या पायाला बॉल लागला की शंख फुंकले जायला लागले. पाहुण्यांना हे कोणाच्या बाजूने चाललंय ते कळेना.

डेनव्हर धावत आला आणि डेलाच्या मांडीवरची दहा नंबरची जर्सी घेऊन न विचारता आत गेला; उरलेल्या दोन घसरून बाकावर पडल्या. आता नऊ झाले.

त्याच्यामागून एग्बर्ट आला. कपाळावर मिठाचे पांढरे डाग. बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

"किती?" त्याने विचारलं.

"सहा."

"हं."

"तुझं काय झालं?"

"दुसरा. शेवटच्या वळणाला शीड ओढायला हात नव्हते." त्याने कपाळावरचं मीठ पुसलं. "लोक म्हणतात एग्बर्ट म्हातारा झाला. अंदाज चुकला म्हणतात."

"चुकला का?"

"मी टाकायचं ठरवलं तेवढे टाकले," तो म्हणाला. "डेनव्हरलाही टाकणार होतो. तोच म्हणाला, कॅप्टन, निदान एक तरी राहू दे."

डेलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाकावरची उरलेली दोन नंबर आणि सहा नंबरची जर्सी तिने आपल्या बाजूला ओढून घेतली. तेवढ्या जागेत एक माणूस बसू शकला असता. एग्बर्ट बसणार तोच शाळामास्तराने घाबरून बॉल जिवाच्या आकांताने लाथाडला. तो कुंपणावरून उडाला आणि पलीकडच्या काटेरी झुडपांत, शेळ्यांच्या मधोमध जाऊन पडला.

बॉल एकच होता. रेफरी, दोन्ही संघ आणि सगळं बेट बाकाकडे बघायला लागलं.

"बसतोस काय," डेला म्हणाली. "जा, आण. खेळ अडलाय."

कॅप्टन एग्बर्ट वेबस्टरने, ज्याला त्या बेटावर आजवर कोणी काही आणायला सांगितलं नव्हतं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो काट्यांत शिरला.